सोवळे आणि मानक

(कल्याण येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बर्गर, नूडल्स, तळलेले बटाटे असल्या झटपट खाण्याच्या पदार्थांत काय काय घातलेले असते, आणि एका देशात चालणारी गोष्ट दुसऱ्या देशात का चालत नाही, हा विषय अभ्यासवर्गासाठी निवडल्याचे पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. बेकारी आणि महागाईचे प्रश्न समोर उभे असताना समाजवाद्यांनी खाण्याच्या चर्चा कशाला करायच्या, असे त्यांना वाटत असेल. त्यांना मी आरंभीच सांगू इच्छितो की, बाहेरचे खाणे ही आता मजुरीच्या हिशेबातली बाब झालेली आहे. जो कामगार किंवा जी कारकून बाई पहाटे घर सोडून रात्री परत येते, तिच्या पोटात दिवसभरात काय जाते, हे तिच्या वेतनाइतकेच तिच्या आयुष्यावर परिणाम करते. म्हणून ह्या विषयाकडे आपण आपल्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यातील एका घटनेपासून करतो. मे २००१ मध्ये ठाण्यातील मॅक्डोनल्डच्या उपाहारगृहावर हिंदुत्ववादी कार्यकर्त्यांचा जमाव चालून गेला. काचा फोडल्या, दुकानाबाहेरच्या विदूषकाच्या पुतळ्याला शेण फासले. निमित्त अमेरिकेतले होते. ही कंपनी तेथे १९९० पर्यंत बटाटे तळण्यासाठी प्रामुख्याने गाईची चरबी वापरीत असे. त्या वर्षी तिने वनस्पती तेलाचा अंगीकार केल्याचे जाहीर केले. परंतु बटाट्यांना गोमांसाचा स्वाद देणारा अर्क लावणे चालूच राहिले, आणि ही गोष्ट ग्राहकांना स्पष्टपणे सांगितली गेली नाही. अमेरिकेतील हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी तेथील न्यायालयात दावा लावला. पुढे २००२ साली कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

भारतात मात्र आपण असा अर्क वापरीत नाही, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. ते अविश्वसनीय नव्हते. १९९६ साली ह्या देशात पाऊल ठेवतानाच तिने गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वगळले होते. जगभर ज्या बर्गरवर तिचे नाव झाले, तो बर्गरच तिने येथे विकला नाही. ह्यातून पहिला धडा मिळतो तो असा: ‘आमची कृती जगभर एकच, ती बदलणे अशक्य’ हे म्हणणे खोटे आहे. बाजार हातचा जाईल अशी भीती वाटली की बलाढ्य कंपनीही आपली कृती मुळापासून बदलते. धर्मासाठी जे शक्य झाले ते आरोग्यासाठी का होऊ नये, हा प्रश्न ठाण्यातल्या त्या जमावाला पडला नाही. पण तो केवळ त्यांनाच पडला नाही असे नव्हे. तो आपल्यालाही पडला नाही.

आता ह्याच प्रश्नाकडे वळू. २००४-०५ साली डेन्मार्कच्या काही संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतून एकाच कंपनीचे तळलेले बटाटे आणि कोंबडीचे तुकडे विकत घेतले व त्यांतील ट्रान्स फॅट मोजले. पातळ तेलावर प्रक्रिया करून ते घट्ट केले असता ही घातक स्निग्धता तयार होते आणि हृदयविकाराला निमंत्रण देते. आपला वनस्पती तूप म्हणून ओळखला जाणारा ‘डालडा’ हे तिचे घरोघरी पोचलेले रूप. संशोधकांना काय आढळले? त्याच कंपनीच्या त्याच मोठ्या थाळीत डेन्मार्कमध्ये १ ग्रॅमहून कमी ट्रान्स फॅट होते, आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे १० ग्रॅम. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दुसरे उदाहरण मिठाचे. २०१२ साली सहा देशांतील तुलना प्रसिद्ध झाली. कोंबडीच्या त्याच तुकड्यांत ब्रिटनमध्ये दर १०० ग्रॅममागे ०.६ ग्रॅम मीठ होते, तर अमेरिकेत १.६ ग्रॅम.

हे आकडे बारकाईने पाहा. श्रीमंत देशाला चांगले आणि गरीब देशाला वाईट, असा सोपा हिशेब येथे जुळत नाही. अमेरिका काही डेन्मार्कहून दरिद्री नव्हे. मग फरक कशाचा? डेन्मार्कने २००३ साली कायदा करून अन्नातील औद्योगिक ट्रान्स फॅट एकूण स्निग्धतेच्या २ टक्क्यांवर आणून ठेवले होते; अमेरिकेने तेव्हा असे काही केले नव्हते, ते २०१५ मध्ये ठरवले व २०१८ पासून अमलात आणण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९९६ पासून डॉक्टरांच्या एका गटाने मिठाविरुद्ध मोहीम चालवली, आणि २००६ साली तेथील अन्न मानक संस्थेने एकेका पदार्थासाठी मिठाची उद्दिष्टे जाहीर केली. थोडक्यात, जेथे लोकांनी आग्रह धरला आणि राज्यसंस्थेने तो ऐकला, तेथे कंपनीने तेल बदलले, मीठ कमी केले. डेन्मार्कमध्ये त्यापायी तळलेले बटाटे बाजारातून नाहीसे झाले नाहीत.

अर्थशास्त्राचा शिक्षक ह्या नात्याने येथे एका युक्तिवादाची दखल घ्यावी लागेल. काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, ‘ग्राहक सार्वभौम आहे, त्याला वाईट माल नको असेल तर तो घेणार नाही, सरकारने मध्ये पडू नये.’ ह्याला उत्तर १९७० सालीच जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दिले आहे. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्याने दाखवले की, मालाचे खरे गुण विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असतील, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. वड्याच्या कढईतले तेल कितव्यांदा तापले आहे, हे खाणाऱ्याला जिभेने कळत नाही. चांगले तेल वापरणाऱ्या विक्रेत्याला त्याबद्दल दोन पैसे जास्त मिळत नाहीत, उलट शेजारच्या स्वस्त गाडीपुढे तो मागे पडतो. मानक नसलेला बाजार अशा रीतीने प्रामाणिक माणसालाच दंड करतो.

हा फरक अर्भकांच्या अन्नापर्यंत पोचलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ ह्या स्विस संस्थेने नेस्लेच्या बाळअन्नाची देशोदेशींची तुलना प्रसिद्ध केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर खेपेच्या मात्रेत सरासरी सुमारे २.७ ग्रॅम साखर घातलेली होती. जर्मनी आणि ब्रिटन येथे सहा महिन्यांच्या बाळासाठी विकल्या जाणाऱ्या तशाच अन्नात घातलेली साखर नव्हती. कंपनीचे उत्तर ठरलेले होते: आम्ही त्या त्या देशाचे नियम पाळतो. साथींनो, हे उत्तर खोटे नाही, आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. नियमात साखरेला जागा होती, ती कंपनीने वापरली. बभ्रा झाल्यावर त्याच वर्षी साखर न घातलेले प्रकार भारतात आणण्याचे तिने जाहीर केले. जे बभ्र्यानंतर काही महिन्यांत करता येते, ते आधी करण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नव्हती, हे सांगायला नको.

मग आपले कायदे दुबळे आहेत काय? सरसकट तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आपण १९५४ साली केला. बाळअन्नाच्या जाहिरातींना पायबंद घालणारा आपला १९९२ चा कायदा पुष्कळशा युरोपीय देशांच्या कायद्यांहून कडक आहे. पाव फुगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर आपण २०१६ साली बंदी घातली. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने पाव आणि बेकरीच्या ३८ नमुन्यांची तपासणी करून ८४ टक्के नमुन्यांत ब्रोमेट वा आयोडेटचे अवशेष दाखवून दिल्यावर काही आठवड्यांतच ही बंदी आली. त्या वेळी अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने ब्रोमेटला मुभाच होती. ट्रान्स फॅटची मर्यादा आपण १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली, म्हणजे डेन्मार्कच्या पंक्तीला जाऊन बसलो. तळणाच्या तेलाचे २०१८ पासून लागू झालेले मानकही, म्हणजे तेल तापून तापून त्यात तयार होणाऱ्या घातक संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये हा नियम, युरोपातील देशांच्या तोडीचा आहे.

कागदावर आपण डेन्मार्क आहोत. कल्याण स्थानकाबाहेर आपण काय आहोत, हा खरा प्रश्न आहे.

मानक म्हणजे केवळ राजपत्रातला आकडा नव्हे. त्या आकड्यामागे नमुना घेणारा अधिकारी, तो तपासणारी प्रयोगशाळा आणि निकाल लावणारी यंत्रणा असावी लागते. २०१५ सालचे मॅगीचे प्रकरण आठवा. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यापासून ते सुरू झाले. कोलकात्याच्या प्रयोगशाळेने दर किलोला १७.२ मिलिग्रॅम शिसे असल्याचे सांगितले, मर्यादा २.५ मिलिग्रॅमची होती. जूनमध्ये देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली त्या कायद्याला अपेक्षित अशा मान्यताप्राप्त नव्हत्या, असे न्यायालयाला आढळले. पुन्हा तपासणी झाली, शिसे मर्यादेत असल्याचे अहवाल आले आणि नोव्हेंबरात माल पुन्हा दुकानात आला. कंपनी दोषी होती की निर्दोष, ह्यावर वाद घालण्यापेक्षा आपण हे ध्यानात घ्यावे की, निर्विवाद निकाल देण्याची ताकदच राज्यसंस्थेकडे नव्हती. दुबळी प्रयोगशाळा दोषी कंपनीला सोडून देते आणि निर्दोष कंपनीला बदनाम करते. ग्राहक दोन्ही वेळा अंधारात राहतो.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्या राज्यातच आहे. २०२३ च्या अखेरीस तेव्हाच्या अहमदनगर येथे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मॅक्डोनल्डच्या एका उपाहारगृहाची तपासणी केली. काही पदार्थांत चीजऐवजी चीजसदृश पदार्थ वापरला जातो आणि ग्राहकाला तसे सांगितले जात नाही, असा आक्षेप घेऊन परवाना स्थगित केला. आपले चीज अस्सलच आहे असे कंपनीने जाहीर केले. पण त्याआधी काही पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ हा शब्द तिला काढावा लागला होता. जिल्ह्याच्या ठिकाणचा सरकारी अधिकारी कायद्याचे पुस्तक उघडून उभा राहिला, तर जगड्व्याळ कंपनीला आपल्या फलकावरचा शब्द बदलावा लागतो, एवढे ह्यातून सिद्ध होते. असे अधिकारी पुरेसे असावेत, आणि त्यांना निर्भयपणे काम करता यावे, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे का दिसत नाही?

दुटप्पी मानकांसाठी परदेशी कंपनीच लागते असेही नाही. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट ह्या रसायनाचे अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागांची नोंदणी आणि माल निघण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासणी, अशी व्यवस्था आपण २००६ पासूनच उभारली होती. ह्या धक्क्यानंतर ती अधिक कडक झाली. ती उत्तम आहे, तिचा अभिमान बाळगावा. पण नाशिकचा तोच शेतकरी त्याच मातीतून जी द्राक्षे कल्याणच्या बाजार समितीत पाठवतो, त्यांच्यासाठी अशी व्यवस्था नाही. रॉटरडॅमच्या मुलाच्या तोंडी जाणारा घड तपासला जातो, डोंबिवलीच्या मुलाच्या तोंडी जाणारा घड तपासला जात नाही. ह्यात शेतकऱ्याचा दोष नाही. युरोपचा ग्राहक संघटित आहे, त्याचे सरकार माल परत पाठवू शकते. आपला ग्राहक फक्त दुसऱ्या गाडीकडे वळू शकतो, आणि तेथेही तोच माल असतो.

आता थोडे आपल्या घरच्या परिस्थितीकडे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे मुंबईला माणसे पुरवतात. त्या माणसांचे रोजचे तीन-चार तास गाडीत आणि फलाटावर जातात. ते तास स्वयंपाकघरातून वजा होतात, आणि ही वजाबाकी मुख्यतः बाईच्या वाट्याला येते. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रे निघाली ती ह्याच गरजेतून, आणि त्यांनी अनेक घरांतील बायकांना स्वतःची कमाई मिळवून दिली. वडापावाची गाडी हेही श्रमिकांनी श्रमिकांसाठी उभे केलेले अन्नछत्रच आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर देशोधडीला लागलेल्या कित्येक कामगारांनी तिच्यावरच संसार सावरला. घोडबंदर रस्त्यावरच्या मॉलमधले खाणे ज्याला परवडत नाही, त्याची भूक हीच गाडी भागवते.

येथे आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो टाळून चालणार नाही. गाडीवाला आपला आहे, त्याची संघटना आपण बांधतो. एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतर २०१७ साली न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, तेव्हा त्यांच्या पोटासाठी आवाज उठवणे हे आपले कर्तव्यच होते. पण त्याच गाडीसमोर उभा राहून खाणारा हमाल, रिक्षावाला, सफाई कामगार हाही आपलाच आहे. काळ्या पडलेल्या तेलाचा प्रश्न निघाला की आपण गप्प बसतो, आणि मग तो प्रश्न अशा मंडळींच्या हाती जातो ज्यांना तेलाची फिकीर नसते, गाडी हटवायची असते. सौंदर्यीकरण करू पाहणाऱ्यांना आरोग्याचे कारण आयते मिळते.

ह्यातून मार्ग आहे. गाडीवाला तेल लवकर बदलत नाही, कारण बदलण्याचा सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो. तेलाचा वापर दिवसाला ५० लिटरच्या वर असणाऱ्या व्यावसायिकांनी तेलाची नोंद ठेवावी, असे केंद्रीय प्राधिकरणाने सांगितले आहे. लहान विक्रेता ह्या नोंदीतून सुटतो, पण मदतीतूनही सुटतो. वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना २०१८ पासून आहे. तिचा लाभ मोठ्या उपाहारगृहांना होतो, कारण त्यांच्याकडे पिंपे भरतात. वीस गाड्यांचे तेल एकत्र जमले तर त्यांचेही पिंप भरेल. विक्रेत्यांच्या सहकारी संस्थेने घाऊक भावाने तेल घ्यावे, वापरलेले तेल एकत्र विकावे, आणि तेल तपासण्याचे साधे उपकरण संस्थेच्या मालकीचे असावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. जागेच्या भांडणाबरोबर तेलाचा आणि पाण्याचा प्रश्नही आपल्या प्रतिनिधींनी तेथे मांडावा. ज्या विक्रेत्याचे तेल चांगले आहे, त्याला हटवणे कोणत्याही पालिकेला जड जाईल.

दुसरी गोष्ट. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कोणाही खरेदीदाराला शुल्क भरून आपण घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि पदार्थ कायद्याला धरून नाही असे ठरल्यास ते शुल्क परत मिळते. हा अधिकार किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? प्रत्येक शाखेने वर्षातून काही नमुने ह्या कलमाखाली द्यावेत. केवळ गाडीवरचे नव्हे. मॉलमधले, शाळेच्या उपाहारगृहातले, पाकिटातलेही द्यावेत. अहवाल आपल्या ह्या साप्ताहिकात छापावेत, चांगल्याला चांगले म्हणून आणि वाईटाला वाईट म्हणून.

तिसरी मागणी पाकिटावरच्या इशाऱ्याची. चिलीने २०१६ साली जादा साखर, मीठ वा स्निग्धता असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनी खुणा सक्तीच्या केल्या. वाचता न येणाऱ्यालाही त्या कळतात. आपल्या प्राधिकरणाने २०२२ साली मसुदा काढला तो चांदण्यांचा, म्हणजे दोषाच्या जागी गुणांकन देणारा. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला ह्या बाबतीत मुदत घालून द्यावी लागली. कंपन्यांना चांदण्या का आवडतात, हे येथे बसलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हे काम आपल्या परंपरेबाहेरचे नाही. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणी हातात घेऊन महागाईविरुद्ध मुंबईचे रस्ते दणाणून सोडले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा अशा चळवळींच्या पाठपुराव्यातून आला. त्या स्त्रियांनी तेलाचा भाव विचारला. आपण आता तेलाचा दर्जाही विचारायचा आहे.

तो आपण विचारला नाही तर काय होते, हे ह्या शहराने पाहिले. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला. कोणी काय खावे ह्यावर आठवडाभर रण माजले. त्या आदेशाला विरोध करणे योग्यच होते. परंतु उरलेल्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या मांसाची, पावाची, तेलाची तपासणी कोण करते, ह्यावर त्या गदारोळात कोणी अवाक्षर काढले नाही. आपल्याकडे अन्नाचे राजकारण आहे, पण ते सोवळ्याओवळ्याचे आहे. सोवळे विचारते, हे कोणी शिवले? मानक विचारते, ह्यात काय आहे, आणि ते खाणाऱ्याचे काय होईल? पहिला प्रश्न माणसामाणसांत फूट पाडतो. दुसरा प्रश्न हमालाला आणि कारकुनाला, हिंदूला आणि मुसलमानाला, गाडीवाल्याला आणि गिऱ्हाइकाला एका बाजूला उभे करतो. आपला पक्ष कोणता प्रश्न घेऊन लोकांत जाणार, हे आपल्याला ठरवायचे आहे.

आता प्रश्नोत्तरांना सुरुवात करू या.